सुरमई म्हणजे जोरात

आमच्या लीगमधल्या बाकी सगळ्या पिचर कॅचरच्या बोटांकडे बघायच्या. मी ऐकायचे.

बेसबॉल कधी न बघितलेल्यांसाठी थोडं सांगते. पिचर मैदानाच्या मध्ये, मातीच्या छोट्या उंचवट्यावरून बॉल टाकते. समोर बॅटर उभी असते आणि बॅटरच्या पाठीशी उकिडवी बसलेली कॅचर. पुढचा बॉल कुठला टाकायचा हे कॅचर ठरवते आणि मांड्यांच्या आड बोटं दाखवून सांगते. बॅटरला ती बोटं दिसत नाहीत. बॉल जोरात येणार की हळू हे तिला आधीच कळलं, तर पिचरकडे काहीच उरत नाही.

बहरीनमधल्या बुसैतीनचं आमचं मैदान कुणीतरी घाईत आखलं असावं. कॅचर पश्चिमेला बसायची. शनिवारी दुपारी साडेतीनला मॅच सुरू व्हायची आणि चारनंतर सूर्य बरोबर तिच्या डोक्यामागे यायचा. मला चष्मा आहे. समोर नुसता पांढरा झगझगाट आणि त्यात एक काळा गोळा, एवढंच दिसायचं. अकरावीच्या सुरुवातीच्या दोन मॅच मी तिची बोटं अंदाजाने वाचली. दुसऱ्या मॅचमध्ये तिने हळू मागितला, मी जोरात टाकला, आणि तो तिच्या मास्कवर आदळला.

"तुका दिसत नाय, तर मी ओरडून सांगतंय," ती म्हणाली. तिचं घर सिंधुदुर्गातलं. जन्म माझ्यासारखाच बहरीनचा, पण तिच्या घरात मालवणीच बोलली जायची आणि ती शाळेतही बेधडक बोलायची.

"ओरडून काय सांगशील? फास्ट?" मी इंग्रजीतच विचारलं. मी मराठीला बहुतेक वेळा इंग्रजीतच उत्तर द्यायचे.

"मराठीत गो. हय कोणाक कळता मराठी?"

मग तिने तिथेच ठरवून टाकलं. सुरमई म्हणजे जोरात. पापलेट म्हणजे हळू. आणि बोंबील म्हणजे बॅटरजवळ येऊन खाली गळणारा. "बोंबील हातात धरलो की कसो, सगळो गळता. तसो," असं म्हणून तिने मनगट सैल सोडून दाखवलं. आमच्या घरी मासे क्वचित व्हायचे. बाबा सांगलीचे आणि आई पुण्याची. मला तो बॉल कळला, मासा नंतर कळला.

पुढच्या शनिवारपासून मैदानावर तिचा आवाज घुमायला लागला. "चल गो, सुरमई घे सुरमई!" बाकीच्यांना वाटायचं, ती मला हुरूप देतेय. फिलिपिनो मुलींच्या टीमला तो शब्द इतका आवडला की त्यांची बॅटर उभी राहिली की त्यासुद्धा बाकावरून "सुरमई! सुरमई!" ओरडायच्या. आम्ही दोघी तोंडावर ग्लोव्ह धरून हसायचो. मी मैदानावर हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

मी या खेळात आले ती बाबांमुळे. बाबा लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहेत. सांगलीच्या कॉलेजात ते बेसबॉल खेळले होते, आणि खरं सांगायचं तर खेळापेक्षा सर्टिफिकेटसाठी. तिकडे तेव्हा अशा खेळांत गर्दी कमी, त्यामुळे युनिव्हर्सिटीपर्यंत पोचलं की पुढे नोकरीत खेळाडूंच्या कोट्याचा उपयोग होईल, असा हिशेब. ते पोचले, पण राखीव खेळाडू म्हणून बाकावर. मला पिच करायला मिळालं तेव्हा त्यांनी बॅगेतून जुना ग्लोव्ह काढला. तो इतका कडक झाला होता की आईने त्याला खोबरेल तेल लावून तीन दिवस गॅलरीत ठेवला.

रोज पहाटे पावणेपाचला आम्ही सनाबिसच्या आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये उतरायचो. आधी मी खांद्याचे व्यायाम करायचे, मग हातात टॉवेल घेऊन बॉल टाकण्याची नुसती नक्कल, पन्नास वेळा. त्यानंतर चाळीस खरे बॉल. बाबा रंगाच्या उलट्या डब्यावर बसून पकडायचे आणि सगळ्यांच्या गाड्यांना जपायचे. मासे ठरल्यावर त्यांनी तीही यादी पाठ केली. "आता बोंबील टाक की," ते कुजबुजायचे, शेजारी झोपलेले असायचे म्हणून. सहाला ईसा टाउनला जाणारी शाळेची बस यायची. संध्याकाळी अभ्यास करताना खांद्यावर फ्रोझन मटारचं पाकीट. त्या पाकिटातले मटार आईने कधी भाजीत घातले नाहीत.

बाबांना वाटायचं, मी पुण्याला जाऊन स्पोर्ट्सच्या सीटवर इंजिनिअरिंग करावं. मला काय वाटायचं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला ती जागा हवी होती, तो मातीचा उंचवटा. तिथे सगळे आपल्याकडे बघत असतात आणि कुणीही आपल्याशी बोलत नाही.

त्या वर्षी आमच्या कोच लीगमधून चौदा मुली निवडून शारजाच्या एका स्पर्धेला नेणार होत्या. कोच फिलिपिनो होत्या, दिवसा एका डेंटल क्लिनिकमध्ये काम करायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की पिचर तीन घेईन, कॅचर एकच. माझी कॅचर त्या एका जागेवर डोळा ठेवून होती. गाव आणि बहरीन सोडून ती कुठेच गेली नव्हती. तिचे बाबा घरसामान हलवणाऱ्या कंपनीत ड्रायव्हर होते. "माझो पासपोर्ट बघ," ती म्हणायची, "नुसते गावच्या विमानांचे शिक्के. एक तरी दुसरो पडांदे."

मग आली एका इंटरनॅशनल शाळेच्या टीमबरोबरची मॅच.

त्यांच्या मुली काही फार भारी नव्हत्या. पण त्या दिवशी माझे हळू बॉल त्या थांबून मारत होत्या. त्यांची नऊ नंबरची मुलगी चष्मेवाली होती, माझ्यासारखीच घाबरट. तिने माझ्या पापलेटची वाट बघितली. बॉल यायच्या आधी तिचा पाय थांबलेला मला दिसला. मला माणसं बघायची सवय आहे. बोलत नाही ना, मग बघते. तिला माहीत होतं.

आम्ही हरलो. दोन आठवड्यांनी पुन्हा त्यांच्याशीच होती आणि पुन्हा तेच झालं. मधल्या शनिवारी फिलिपिनो टीमला मात्र आम्ही आरामात हरवलं होतं. म्हणजे मी वाईट टाकत नव्हते. म्हणजे गोष्ट त्याच टीमपाशी होती.

त्या दुसऱ्या मॅचच्या शेवटी मी एक परीक्षा घेतली. कॅचरने "पापलेट" म्हटलं आणि मी जोरात टाकला. बॅटर हळूची वाट बघत उभी राहिली आणि बॉल तिच्यासमोरून गेला. पुढच्या वेळी "सुरमई" आल्यावर मी हळू टाकला, तर ती बॉल यायच्या कितीतरी आधी बॅट फिरवून मोकळी. माझी खात्री झाली. बॅटर माझ्या हाताला नाही, हाकेला खेळत होत्या.

पहिला बॉल कॅचरच्या मनगटावर बसला होता. ती उठून माझ्याकडे आली.

"काय गो, कान पण गेले काय तुझे?"

"सॉरी. ग्रिप सुटली," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं असं मला वाटलं. त्या वेळी मला सगळंच जरा जास्त वाटत होतं.

माशांची भाषा आम्हा दोघींची. बाबांना माहीत होती, पण बाबा म्हणजे घरचे. त्यांना मी मोजलंच नाही. उरली ती. मग मी तिच्यावर नजर ठेवायला लागले. मॅच संपल्यावर ती त्या टीमच्या मुलींत जाऊन बसायची. आमची हार होऊनसुद्धा हसायची. त्यांच्यातल्या एकीने तिला काहीतरी फोनमध्ये दाखवलं, मी जवळ गेल्यावर दोघी गप्प झाल्या. आणि तिसऱ्या आठवड्यात तिच्या हातात नवा कॅचरचा ग्लोव्ह आला. जाड, मऊ, खऱ्या चामड्याचा. तसा ग्लोव्ह आमच्या टीममध्ये कुणाकडेच नव्हता.

"कुठून घेतलास?" मी विचारलं.

"मिळालो," ती म्हणाली आणि त्यावर मूठ आपटली.

घेतला नाही, मिळाला. रात्रभर मी तो एक शब्द घोळवत होते.

मी तिला सरळ विचारायला हवं होतं. पण मला दुकानात चुकीचा साइझ बदलून मागता येत नाही. मी कोचना मेसेज लिहिला. चार वेळा खोडून लिहिला. आमचे सिग्नल त्या टीमला कळतायत असं मला वाटतं, मला कुणावर आरोप करायचा नाही, पण एकदा कॅचर बदलून बघू या का? आरोप करायचा नाही म्हणत मी तो केला होता. कोचनी उत्तरादाखल नुसता अंगठा पाठवला.

पुढच्या सरावाला त्यांनी तिला बाकावर बसवलं आणि एका उंच मल्याळी मुलीला माझ्यासमोर आणलं. झगझगाटाचा उपाय कोचनी दोन मिनिटांत काढला. त्या मुलीच्या नखांना क्लिनिकमधली पांढरी चिकटपट्टी लावली. पांढरी टोकं मला लख्ख दिसली. इतकं सोपं होतं ते. बाकावरून ती आमच्याकडे बघत होती. कोचना तिने काही विचारलं नाही. मला विचारलं, पाणी प्यायला आल्यावर.

"माझ्या जागी तिका कशाक घातल्यानी?"

"आय डोन्ट नो," मी म्हटलं.

त्या इंटरनॅशनल शाळेशी तिसरी मॅच आम्ही जिंकलो. त्यांच्या मुलींना माझा एकही हळू बॉल कळला नाही. नऊ नंबरची तर मी बॉल टाकायच्या आधी सारखी मागे वळून प्रेक्षकांकडे बघत होती. मला वाटलं, बाकावर बसलेल्या माझ्या कॅचरला शोधतेय. माझा संशय खरा ठरला म्हणून मला बरं वाटलं. हे लिहायला आवडत नाही, पण वाटलं.

घरी जाताना मुहर्रकच्या पुलावर सिग्नलला थांबल्यावर बाबा म्हणाले, "छान टाकलंस. पण आता मजा नाही येत बघ."

"का?"

"अगं, आता तू काय टाकणार ते मला कळतच नाही. आधी ती पोरगी ओरडायची तेव्हा कसं, लगेच समजायचं. शेजारी बसलेल्यांना सांगता यायचं."

सिग्नल हिरवा झाला. बाबांनी गाडी काढली.

"कुणाला सांगायचात?" मी मराठीत विचारलं, म्हणून त्यांनी चमकून माझ्याकडे बघितलं.

"त्या बाई नाहीत का, मोठी टोपी घालतात, थर्मासमधून मला कॉफी देतात. त्यांची मुलगी खेळते त्या टीममध्ये. नऊ नंबर. फार हौशी बाई. आता काय येणार, आता काय येणार, प्रत्येक बॉलला विचारायच्या. मी सांगायचो, आता स्लो, आता फास्ट. बरोबर निघालं की टाळ्या वाजवायच्या. म्हणाल्या, तुम्हाला खेळाची किती जाण आहे!" बाबा हसले. "आज मी म्हटलं, मॅडम, आज नाही सांगता येणार. तर लगेच उठून पलीकडे गेल्या."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. त्या बाईंचा आवाज मला आता आठवत होता. "वेट, स्वीटी, वेट!" आणि कधी "नाऊ!" आई ओरडतेय म्हणून मी ते कधी ऐकलंच नव्हतं. प्रत्येकाची आई ओरडते. ती बाई मुद्दाम करत होती की नुसतं पोरीवरचं प्रेम होतं, हे मला अजून कळलेलं नाही. कॉफी मात्र प्रत्येक मॅचला दिली असणार, कारण बाबा घरी आल्यावर चहा नको म्हणायचे.

बाबांना मी काही बोलले नाही. त्या बाकांवर सात-आठ वर्षं ते एकटे बसत होते. कुणीतरी पहिल्यांदा त्यांना खेळाबद्दल विचारलं होतं.

सोमवारी शारजाची यादी जाणार होती. तिकडे सुट्टी शुक्रवार-शनिवारची, म्हणून रविवारी शाळा सुटल्यावर मी तिला बसच्या रांगांमध्ये गाठलं. ईसा टाउनला शाळा सुटते तेव्हा आवारात ओळीने बस उभ्या असतात, सगळ्यांची इंजिनं चालू. तिथे कुजबुजता येत नाही. आयुष्यात पहिल्यांदा मनापासून सांगायची गोष्ट मला ओरडून सांगावी लागली.

"कोचना मी मेसेज केला होता! तुला काढायचा!"

"काय?"

"मला वाटलं, तू त्यांना सिग्नल सांगतेस!"

ती जवळ आली. "मी?"

"ते हसणं, तो ग्लोव्ह... मला वाटलं त्यांनी दिला."

"त्यांनीच दिलो! त्यांच्यातला एक कुटुंब चालला देश सोडून. माझ्या पप्पांनी सामान भरल्यानी. ती पोरगी म्हणाली, माका आता नको, तुका होयो तर घे." तिने दप्तर एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतलं. "तिका जाऊचा नव्हता. रडत होती, फोटो दाखवत होती. म्हणान मी तिका हसवत होतंय. मग कोणी सांगितल्यान सिग्नल?"

मी सांगायचं नाही असंही ठरवून आले होते. प्रेक्षकांतलं कुणीतरी, एवढंच म्हणायचं. पण ती माझ्याकडे सरळ बघत होती.

"माझ्या बाबांनी," मी म्हटलं. "शेजारच्या बाईंना. कॉमेंट्री म्हणून."

"तुझो बापूस?" ती इतकी मोठ्याने हसली की पुढच्या बसमधली मुलं खिडकीला आली. "अरे देवा! काकांनी? कॉमेंट्री?" तिने पोट धरलं. मला वाटलं, संपलं, आता सगळं ठीक आहे. मीही हसायला लागले.

मग ती थांबली. रागावली की ती मालवणी सोडून पुस्तकासारखी मराठी बोलायची.

"माशांची नावं तिघांना माहीत होती," ती म्हणाली. "त्यातली तुला आधी मी दिसले."

तिची बस हॉर्न वाजवायला लागली आणि ती पळत जाऊन चढली.

त्या संध्याकाळी मी कोचना फोन केला. मेसेज नाही, फोन. सगळं सांगितलं, बाबांचं नावही.

"यादीत तिचं नाव परत घालते," त्या म्हणाल्या. "टीमला मी काही सांगणार नाही. आणि तुझ्या वडिलांना पुढच्या शनिवारी माझ्याकडे पाठव. मला स्कोअर लिहायला माणूस हवा आहे. आपल्या बाजूच्या बाकावर बसेल, माझ्या शेजारी."

बाबांना तो मान वाटला. इस्त्रीचा शर्ट घालून, तीन पेन्सिली टोकदार करून ते गेले. आईने विचारलं, एवढी माणसं असताना तुम्हालाच कसं बोलावलं? "जाण असलेला माणूस लागतो त्याला," बाबा म्हणाले. मी बुटांची नाडी बांधत होते. ती पुष्कळ वेळ बांधली.

ती शारजाला आली. तिथे तिने एकही बॉल मागे जाऊ दिला नाही, आणि मला त्या तीन दिवसांत जितकं चांगलं टाकता आलं तितकं नंतर कधीच आलं नाही. नखांना पांढरी पट्टी लावून ती बोटांनी सांगायची. तिथेही स्कोअर लिहीत बसलेल्या बाबांना ती वाकून "काका, पाणी होया?" विचारायची, आणि त्यांच्याशी बोलताना तिच्या चेहऱ्यावर काही दिसतंय का, हे मी दुरून तपासत असायचे. कधीच काही दिसलं नाही. तिने घरी सांगितलं असेल का, बाकीच्या मुलींना सांगितलं असेल का, दोघी-तिघी कोपऱ्यात हसल्या की तेच चाललंय का, असं मला शाळा संपेपर्यंत वाटत राहिलं. माझी ती सवय गेली नाही.

माझ्याशी ती बोलायची. अभ्यासाचं विचारायची, वाढदिवसाला केक आणायची. बाहेरच्या कुणाला काही फरक दिसला नसता. मला दिसायचा तो बॉल परत येताना. पूर्वी ती कधीकधी मुद्दाम माझ्या डोक्यावरून फेकायची, मला मागे पळवायला, आणि मी बॉल आणायला गेले की मास्क वर करून खिदळायची. शारजाला आणि त्यानंतरच्या सगळ्या वर्षात तिने तसा एकदाही फेकला नाही. प्रत्येक बॉल माझ्या छातीच्या उंचीवर, नेमका ग्लोव्हमध्ये यायचा, आणि मला जागेवरून हलावंच लागायचं नाही.